तुंगाक्कांची दाढ

तुंगाक्कांचा विषय मी काढला की आमच्या घरात कोणीतरी आधी विचारतं, "सगळ्यांची जेवणं झालीत ना?" त्यात काही चूक नाही. ही बाई आठवली की मला आधी वास आठवतो. लवंग, ओली चिंच, आणि त्या दोन्हींच्या खालून येणारा किडक्या दाढेचा. मग हळूहळू बाकीच्या तुंगाक्का दिसायला लागतात.

साठ सालाच्या आगेमागे आम्ही बंगळूरला मल्लेश्वरममधल्या एका वठारात राहत होतो. एका आवारात समोरासमोर सहा बिऱ्हाडं, मधे फरशीचा चौक, चौकात सगळ्यांना मिळून एक नळ. मी निपाणीची. ह्यांना इथल्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून तीन वर्षांच्या छबीला कडेवर घेऊन आलेली. बाजारात कन्नड, समोरच्या बिऱ्हाडात तमिळ, आणि पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडून चक्क मराठी ऐकू आलं. "अहो, स्वल्प लांबून चाला की!" असलं ते मराठी होतं, पण मला केवढा आनंद झाला! पदर सावरत मी शेजारच्या दारात जाऊन उभी राहिले.

"तिथंच! तिथंच थांब!" आतून आवाज आला. "उंबऱ्याला पाय लावशील. मडीत आहे मी."

मडी म्हणजे सोवळं, हे मला त्या दिवशी कळलं. बाकीचं पुढे कळत गेलं.

तुंगाक्कांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलेलं. फौज गेली, हे लोक राहिले, कारकुनी करत करत इथलेच झाले. घरात मात्र मराठी सुटलं नव्हतं. आमचं मराठी त्यांना रांगडं वाटे. "तुम्ही बोलता की भांडता गे?" असं त्या मला विचारत. माझं नाव सुमती, पण ते त्यांनी कधी घेतलं नाही. माझ्या तोंडावर "अगे", आणि मागे "ती निपाणीची". आमची जात त्यांनी पहिल्याच दिवशी उंबऱ्याबाहेर उभी करून विचारून घेतली होती, आणि ऐकल्यावर नुसतं "सरी" म्हणाल्या होत्या. सरी म्हणजे ठीक. ते 'ठीक' कसल्या अर्थाचं होतं ते मला दुसऱ्या दिवशी नळावर समजलं.

मी घागर भरून उचलली. तुंगाक्का लांब उभ्या होत्या. मी चार पावलं गेल्यावर त्या पुढे आल्या, मुठीतला चिंचेचा गोळा काढला आणि नळाची तोटी घासायला लागल्या. वरून, खालून, तोटीच्या आत बोट घालून. मग पाणी सोडून तोटी तीनदा धुतली आणि मगच आपली कळशी खाली धरली. वठारातल्या बायकांना याचं काही वाटत नव्हतं. कोणीतरी मला समजावलं, की त्या सगळ्यांच्याच मागून धुतात, तुमच्या मागून जरा जास्त धुतात इतकंच.

दिसायला बाई देखणी. लहानखुरी, गोरीपान, नाकात हिऱ्याची चमकी, लुगड्याला एक सुरकुती नाही. पण बोलताना ओठ मिटल्यासारखे करून बोलायच्या, आणि जवळ उभं राहिलं की कळायचं का ते. ब्रश हा शब्द काढला तरी त्यांच्या अंगावर काटा येई. "डुकराचे केस गे! तोंडात घालायचे? शी!" त्या कोळशाच्या पुडीत मीठ घालून बोटानं दात घासत, आणि त्यानंतर एकवीस चुळा भरत. त्या चुळांचा आवाज सगळ्या वठाराला उठवी. खळखळ, घशातून गुरगुर, आणि मग लांब पिचकारी. एकवीस वेळा. माझा सकाळचा चहा त्या आवाजापायी कितीदा तसाच राहिला.

इतकं करून दाढा मात्र किडलेल्या. गालात कायम लवंग. कधी हिंगाचा खडा. बोलता बोलता जिभेनं तो खडा या गालातून त्या गालात सरकवत, तेव्हा वास असा यायचा की मी नकळत मागे व्हायची. त्यांना वाटे, मी अदबीनं मागे होते.

त्यांचा एक अभिमान होता आणि तो त्या नळावर उभ्या राहून सांगत. "जन्मात या ओठांना भांडं लागलं नाही." पाणी, कॉफी, औषध, सगळं वरून धार धरून. थेंब सांडत नसे. उष्ट्याला त्या एंजलु म्हणत आणि त्या शब्दातच नाक मुरडत. त्यांच्या हिशेबी माणसाचं तोंड म्हणजे गटार. जगात एकच तोंड स्वच्छ होतं आणि ते त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर होतं. त्यांची 'शी' सुद्धा एक नव्हती. केसाला एक, झुरळाला एक, उघड्या तोंडानं जांभई देणाऱ्याला एक. सगळ्यात लांब, नाकातून निघणारी शी थुंकीसाठी राखून ठेवलेली होती.

यातून नवराही सुटला नव्हता. रंगण्णा रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले, बायको म्हणेल ते ऐकणारे. त्यांचे दात पडले तेव्हा शेषाद्रीपुरमच्या चढावर दवाखाना असलेल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून त्यांनी कवळी करून घेतली. बिचारे हौसेनं ती घालून घरी आले आणि हसले. तुंगाक्कांनी विचारलं, ही कशाची? रंगण्णांनी सांगितलं, डॉक्टर बनवतात. "पण कशाची? कोणाच्या हाडाची? आणि त्या बाईनं तुमच्या तोंडात हात घातला? पूर्ण हात?"

त्या दिवसापासून कवळीला घरात यायला बंदी झाली. ती परसातल्या भिंतीच्या कोनाड्यात एका करवंटीत पाण्यात असायची. रंगण्णा बाहेर पडताना ती काढून धोतराच्या सोग्यानं पुसून तोंडात घालत, आणि घरात येताना काढून परत करवंटीत ठेवत. म्हणजे माणूस देवळात, बाजारात, पेन्शनच्या रांगेत दात घालून, आणि स्वतःच्या पानावर बोळका. घरी त्यांना मऊ भात आणि सारच मिळे. एकदा मी परसात कपडे वाळत घालायला गेले तर करवंटीतलं पाणी आटलेलं आणि कवळीवर मुंग्यांची रांग. मी रंगण्णांना हाक मारली. त्यांनी शांतपणे कवळी नळाखाली धरली, मुंग्या झटकल्या, घातली आणि मला म्हणाले, "हिला सांगू नका हं अम्मा. नळ धुवायला लावेल." मला त्या माणसाची दया आली, आणि खरं सांगायचं तर त्याचीही किळस आली. इतकं कोणी ऐकावं?

इथपर्यंत मी हसत होते. ह्यांना संध्याकाळी नक्कल करून दाखवायची, चुळांच्या आवाजासकट. छबीचा प्रसंग घडला आणि माझं हसू संपलं.

देवनहळ्ळीची पपनसं घेऊन एक बाई दारावर यायची. मी एक सोलून छबीच्या हातात फोडी दिल्या. पोर चोखत चोखत चौकात गेली. तुंगाक्का पायरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. छबीनं अर्धी चोखलेली फोड त्यांच्यापुढे धरली. "आजी, घे." आणि तेवढ्यावर न थांबता प्रेमानं ती त्यांच्या ओठाला लावली.

तुंगाक्का किंचाळल्या. सूप उलटं झालं, तांदूळ फरशीवर पसरले. त्यांनी पोरीच्या हातावर फटका मारला, फोड उडाली. मग त्या नळाकडे धावल्या. ओठांना चिंच, ओठांना मीठ, ओठांना परसातली माती. चूळ, पुन्हा चूळ. रडणाऱ्या छबीकडे बघून दर चुळीला ती लांब शी. एकवीसवर थांबल्या नाहीत. तिथं सांडलेले तांदूळ गोळा करायला म्हणून मी खाली बसले तर ओरडल्या, "हात लावू नको! गाईला घालते ते आता."

त्या रात्री छबीनं जेवताना मला विचारलं, "आई, माझं तोंड घाण आहे?"

त्यानंतर मी तुंगाक्कांशी बोलणं टाकलं. मनातून त्यांचं वाईट चिंतायला लागले हेही लपवत नाही. असं वाटे, या तोंडाला एकदा असं काही व्हावं की त्याची घाण सगळ्यांना दिसावी. माझं चिंतणं इतकं शब्दशः फळाला येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची खालची दाढ दुखायला लागली. दोन दिवस लवंगतेल, हिंग, मीठ झालं. तिसऱ्या दिवशी गाल सुजला. रंगण्णा आपणहून त्या डॉक्टरीणबाईंना जाऊन भेटले. त्यांनी सांगितलं, आजच घेऊन या, आणि तोवर या गोळ्या द्या. गोळ्या म्हणजे त्या दोन रंगांच्या टोप्यांच्या, आत पूड असलेल्या. तुंगाक्कांनी एक उजेडात धरून दाबून पाहिली. "ही टोपी कशाची? चामडं उकळून करतात, ठाऊक आहे मला." सगळ्या गोळ्या मागच्या मोरीत गेल्या. दवाखान्याचं नाव काढताच म्हणाल्या, "जो चिमटा शंभर जणांच्या एंजलात बुडाला तो माझ्या तोंडात? त्यापेक्षा मरेन."

आणि त्या शेकत बसल्या. तोंडाच्या आत कोणाचा हात नको म्हणून सगळा इलाज बाहेरून. हळद, कांदा, जवसाचं गरम पोटीस गालावर, दिवसातून सहा-सहा वेळा. भिंतीपलीकडून मला तो वास यायचा. गाल उतरण्याऐवजी सूज खाली सरकली, हनुवटीखाली आणि मग गळ्याकडे. चेहरा एका बाजूनं असा झाला की डोळा मिटला. तोंड उघडेना, आणि गिळताही येईना. सारखी लाळ गळे. जिनं आयुष्यभर दुसऱ्याच्या थुंकीला शी म्हटलं ती बाई पितळेच्या तस्तात दर मिनिटाला लाळ सोडत बसली होती. तस्त भरलं की रंगण्णा नेऊन ओतत. मी दाराच्या फटीतून पाहिलं आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. मग लगेच फटीपासून बाजूला झाले.

पाचव्या दिवशी दुपारी रंगण्णा माझ्या दारात आले. हात जोडलेले. "सुमतीअम्मा, स्वल्प या की. ती विचित्र श्वास घेते आहे." आमचे हे कामावर गेले होते, वठारातले सगळेच पुरुष गेले होते. छबीला समोरच्या बिऱ्हाडात बसवलं आणि मी गेले.

तुंगाक्का भिंतीला टेकून ताठ बसल्या होत्या. आडवं झालं की श्वास अडकायचा. प्रत्येक श्वासाला घशातून शिट्टीसारखा आवाज. गळा दगडासारखा टणक दिसत होता. मी रंगण्णांना म्हटलं, "जटका आणा. आत्ताच्या आत्ता." घोडागाडी दारात आली. तुंगाक्का उठल्या, आणि मी दंड धरायला हात पुढे केला तशी मान हलवली. नको. मग हातानं खुणा केल्या. रंगण्णांना कळल्या. ते आत गेले आणि चांदीचं फुलपात्र, पाण्याचा तांब्या आणि चिंचेचा गोळा घेऊन आले. श्वास घेता येत नव्हता आणि बाई दातांच्या डॉक्टरकडे चिंच घेऊन निघाली होती.

जटक्यात मी समोर बसले. खड्डा आला की त्यांच्या तोंडातून लाळेची तार लोंबे आणि लुगड्यावर पडे. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या आपल्या लुगड्यावरच्या डागाकडे बघत होत्या.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, केस कापलेल्या, आवाज पुरुषी. त्यांनी तुंगाक्कांना खुर्चीत बसवलं, गळा चाचपला आणि रंगण्णांवर खेकसल्या. "त्याच दिवशी आणा म्हटलं होतं ना? इतके दिवस काय करत होता? बाहेरून शेकून शेकून सगळा पू खाली गळ्यात उतरवलात." मग कन्नडमध्ये तुंगाक्कांना सरळ सांगितलं, "अम्मा, आत्ता कापून मोकळं केलं नाही तर संध्याकाळपर्यंत श्वास बंद होईल. मोठ्या इस्पितळात पोचायलाही वेळ नाही. तोंड उघडा."

तुंगाक्कांनी तोंड उघडलं नाही. त्यांनी बोट केलं. शेजारच्या टेबलावर ताटलीत चिमटे आणि चाकू ठेवले होते. बोट ताटलीकडे, मग रंगण्णांच्या हातातल्या चिंचेकडे.

डॉक्टरीणबाईंना कळेना. रंगण्णा शरमेनं मान खाली घालून म्हणाले, "ती म्हणते, हे धुऊन घ्या."

"उकळून काढलंय ते! यापेक्षा स्वच्छ काही नसतं."

तुंगाक्कांनी जबडा आणखी आवळला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, शिट्टी चालू होती, पण मान नाही म्हणत होती. डॉक्टरीणबाईंनी हात टेकले. "बरं बाई, धुवा! पण लवकर."

मी पटकन ताटलीकडे वळले. माझा हात चिमट्याला लागणार तेवढ्यात मागून आवाज आला. "ऊं! ऊं!" मी वळून पाहिलं. तुंगाक्का माझ्याकडे बघून जोरजोरानं मान हलवत होत्या. मग बोट रंगण्णांकडे गेलं. त्यांनी धुवायचं. मी नाही.

मरायला टेकलेली बाई माझा हात नको म्हणत होती. माझ्या कानशिलांत रक्त चढलं. मनात स्पष्ट शब्द उमटले, 'मर मग.' मी भिंतीला जाऊन उभी राहिले. आणि रंगण्णा त्या बेसिनपाशी एकेक चिमटा, एकेक चाकू चिंचेनं घासू लागले. घरचं पाणी तांब्यातून धार धरून ओतत होते. नळाचं नको, घरचंच. तुंगाक्का श्वासाला तडफडत होत्या आणि तरी मान वळवून बघत होत्या, नीट घासतात की नाही. मी आयुष्यात पुष्कळ ओंगळ गोष्टी पाहिल्या, पण त्या बेसिनवरच्या चिंचेच्या चोथ्याइतकी किळस मला कशाची आली नाही.

डॉक्टरीणबाईंनी धुतलेली ताटली घेतली, पाठ वळवली, ती सगळी तशीच बाजूच्या बादलीत सोडली आणि फडक्याखाली झाकलेली दुसरी काढली. मी पाहिलं. तुंगाक्कांनी पाहिलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. बोटभर. तेवढंच उघडत होतं.

चाकू बघून रंगण्णा जागच्या जागी खाली बसले आणि तिथंच कलंडले. मदतनीस बाई त्या दिवशी रजेवर होत्या. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "हात धुवा आणि या. डोकं धरा, जबडा धरा. हलल्या तर चाकू कुठं जाईल सांगता येणार नाही."

मी लगेच गेले असं मी नेहमी सांगते. ते खरं नाही. मी थांबले. छबीच्या हातावरचा फटका आठवण्याइतका वेळ मी त्या भिंतीपाशी थांबले होते. तेवढ्यात ती शिट्टी मधेच बंद पडली, एक श्वास आलाच नाही, आणि मग मी गेले.

त्यांचं डोकं छातीशी धरलं. उजव्या हाताची दोन बोटं दातांमधे घालून जबडा खाली ओढला. डॉक्टरीणबाईंनी एक रबरी ठोकळा दाढांमधे सरकवला, सुई टोचली आणि आत चाकू गेला. जे बाहेर आलं त्याचं वर्णन करू नये, पण केल्याशिवाय तुंगाक्का पुऱ्या होत नाहीत. पिवळं, हिरवं, रक्ताच्या गुठळ्या, आणि वास असा की डॉक्टरीणबाईंनीसुद्धा तोंड फिरवलं. ते माझ्या तळहातावर आलं, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, पदरात मुरलं. ऊन ऊन होतं. माझ्या घशाशी आलं ते मी गिळलं. आणि तुंगाक्कांनी श्वास घेतला. मोठा, पोटापर्यंत जाणारा.

मग चिमट्यानं दाढ ओढताना त्यांनी डोकं झटकलं, ठोकळा निसटला, आणि सगळे दात माझ्या तर्जनीत रुतले. मी ओरडले. त्यांनी सोडलं नाही, त्यांना सोडता येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी जबडा उचकटला तेव्हा बोट निघालं. हाड दिसत होतं.

"चूळ भरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तुंगाक्कांनी चांदीचं फुलपात्र वर धरलं. धार तोंडात पडेना, हनुवटीवरून गळ्यात जाई. दोनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा फुलपात्र ओठाला लावलं, आणि ते लावताना माझ्याकडे पाठ केली.

त्या वाचल्या. रोज पेन्सिलिनची सुई टोचून घेतली, आठ दिवसांत सूज गेली. माझं बोट मात्र पिकलं. माणसाचा चावा कुत्र्यापेक्षा वाईट, असं त्याच डॉक्टरीणबाई पू काढायला माझ्या बोटाला चीर देताना म्हणाल्या. अजूनही ते पुरतं मिटत नाही. नवव्या दिवशी शेजारी भटजी आले, पंचगव्य झालं, घर शिंपडलं गेलं. दहाव्या दिवशी सकाळी मी डाव्या हातानं घागर भरून चार पावलं चालले, आणि मागे तोटी घासल्याचा आवाज आला. चुळा आता एकवीसवर थांबत नव्हत्या. सकाळी, जेवणाआधी, जेवणानंतर, दुपारी. मी मोजायचं सोडून दिलं.

मी वाट बघत होते. आभाराची नाही. "बोट कसं आहे गे?" एवढं एक वाक्य. सहा महिने मी त्या वाक्याची वाट पाहिली. रंगण्णा विचारत, बाहेर गाठून, हळूच. त्यांनी विचारलेलं मला नको होतं.

मग आम्हाला राजाजीनगरला स्वतंत्र घर मिळालं. जायच्या दिवशी सामान जटक्यात चढलं, मी वाटेसाठी तांब्या भरायला नळावर गेले. तुंगाक्का तिथंच होत्या. वाळल्या होत्या, गालफडं बसली होती. "येते अक्का," मी म्हटलं. "सरी," त्या म्हणाल्या. आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. "अक्का, त्या दिवशी मी नसते तर?"

त्यांनी मान वर केली. "मेले असते की," त्या शांतपणे म्हणाल्या. "ठाऊक आहे मला. न कळायला काय झालं?" मग इकडेतिकडे पाहून, पहिल्यांदाच माझ्या स्वल्प जवळ आल्या. आवाजात राग नव्हता. डॉक्टरला आपलं दुखणं सांगावं तसं त्या मला सांगत होत्या. "पण काय करू गे? तुझ्या बोटाची चव जात नाही तोंडातून. पान वाढून घेतलं की येते. अन्नच जात नाही. किती धुऊ?"

हातातला तांब्या त्यांच्या अंगावर फेकावा असं कोणालाही वाटलं असतं. मला वाटलं नाही, आणि त्याचं कारण मी ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. बोट बरं होऊन चार महिने झाले होते. तरी मी रोज ते तीनदा साबणानं धूत होते आणि हुंगून बघत होते. वास जात नव्हता. तो वास नव्हताच, हे मला कळत होतं. त्या दुपारपासून मी छबीला माझ्या हातानं एक घास भरवला नव्हता. विचारलं तर सांगायची, बोट ताठरलंय, कालवता येत नाही.

"जाईल अक्का," मी म्हटलं आणि तांब्या भरला.

जटका निघाला. कोपऱ्यावरून मी मागे पाहिलं. तुंगाक्का फरशीवर ओणव्या होऊन चूळ भरत होत्या, थुंकत होत्या, पुन्हा ओंजळ भरत होत्या. रंगण्णा बाजूला टॉवेल घेऊन उभे होते. छबीला भूक लागली होती. तिनं माझ्याकडे बघून तोंड उघडलं. मी दहीभाताचा डबा काढला, तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "घे, तुझ्या हातानं खा."